रेसट्रॅक जागच्या जागी, रेस मात्र टेक्सासला: नॉर्थ विल्क्सबरोची गोष्ट

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या कॅरी-रॅली भागात राहणारे आपले बरेच मराठी लोक ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला डोंगरातल्या बूनकडे जातात, ४२१ नंबरच्या हायवेने. विल्क्सबरो यायच्या थोडं आधी हायवेला लागूनच एक रेसट्रॅक दिसतो, नॉर्थ विल्क्सबरोचा, मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो बंद होता, भिंतींचा रंग उडालेला, स्टँडच्या पायऱ्यांमधून गवत वर आलेलं, आणि मला वाटलं की कुणीतरी दिवाळं काढून पळून गेलं असेल. नंतर वाचत गेलो तर कळलं की दिवाळं वगैरे काही नव्हतं, शेवटच्या रेसलासुद्धा स्टँड भरलेलं होतं. मग भरलेलं स्टँड असलेला ट्रॅक बंद का पडतो? हे समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून नीट पहिल्यापासून सांगतो.

आधी स्टॉक कार म्हणजे काय ते. फॉर्म्युला वनची गाडी खास रेससाठीच बनवलेली असते, तशी गाडी कुणी बाजारातून आणत नाही. स्टॉक कार म्हणजे शोरूमच्या स्टॉकमधली गाडी, म्हणजे तुमच्या-आमच्या दारातली फोर्ड नाहीतर शेवरोले, तीच घेऊन रेस लावायची ही मूळ कल्पना. आता त्या गाड्या फक्त दिसायला तशा असतात, आतून सगळं वेगळं असतं, पण सुरुवात खरंच दारातल्या गाडीने झाली. आणि ओव्हल म्हणजे लांबट गोल ट्रॅक, दोन सरळ पट्टे, दोन्ही टोकांना वळणं, गाड्या कायम डावीकडेच वळतात. लोक म्हणतात यात काय बघायचं, नुसते गोल गोल फिरतात. मीही म्हणायचो.

आता हा ट्रॅक जिथे आहे ती नॉर्थ कॅरोलायनातली विल्क्स काउंटी. ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी, छोटी शेती, मका पिकायचा पण तो गाडीत घालून डोंगराच्या रस्त्याने बाजारात न्यायचा म्हणजे भाडंसुद्धा सुटायचं नाही. त्याच मक्याची हातभट्टी लावली की माल थोडक्यात मावतो आणि पैसा कितीतरी जास्त. तिकडे त्याला मूनशाईन म्हणतात कारण काम रात्रीचं, चांदण्यातलं. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा हा धंदा फोफावलाच, पण बंदी उठल्यावरही थांबला नाही, कारण भांडण टॅक्सचं होतं. सरकारी टॅक्स न भरता दारू गाळून विकायची आणि टॅक्सवाले पाठीमागे लागणार, हे तिथे पिढ्यानपिढ्या चालू होतं. विल्क्स काउंटीला तर मूनशाईनची राजधानीच म्हणायचे.

भट्टी डोंगरात, गिऱ्हाईक शहरात, मधे टॅक्सवाले. म्हणजे माल पोचवणाऱ्या पोराकडे वेगात पळणारी गाडी पाहिजे. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्तातलं व्ही-एट इंजिन आणलं आणि या पोरांचं नशीबच उघडलं. १९४० च्या फोर्ड कूपला सगळ्यात जास्त मागणी, बाहेरून अगदी साधी गाडी, डिकी मोठी, आणि इंजिनावर काम केलं की पोलिसांच्या गाडीला ऐकायची नाही. एक बारीक गोष्ट मला फार आवडते. डिकीत दारू भरली की गाडीचा मागचा भाग दबणार आणि दबलेली गाडी दिसली की पोलीस ओळखणार, म्हणून मागे जास्तीच्या, कडक स्प्रिंगा बसवायच्या. मग भरलेली गाडी सरळ दिसायची, आणि माल उतरवून रिकामी परत येताना तिचा मागचा भाग हवेत उचललेला असायचा. ज्याला नजर आहे त्याला रिकामी गाडीच सगळं सांगून जायची.

अशी गाडी रात्रभर, कधी दिवे बंद करून, डोंगराच्या कच्च्या रस्त्यावर पळवणारी पोरं एकमेकांना भेटली की काय होणार? कुणाची गाडी पळते याच्या पैजा लागणार. कुणाच्या तरी शेतात गोल आखायचा आणि पळवायच्या, बघायला गाव जमा. स्टॉक कार रेसिंगला फक्त दारूवाल्यांनी जन्म दिला असं म्हणणं जरा ताणलेलं होईल, फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर आणि इतर बऱ्याच ठिकाणी सरळमार्गी माणसंही रेस लावत होती. पण विल्क्समध्ये मात्र ट्रॅक आणि भट्टी एकाच मातीतले, ते वेगळे काढता येत नाहीत.

एनॉक स्टेली नावाच्या तिथल्याच तरुणाने बिल फ्रान्सने भरवलेली एक रेस बघितली, गर्दी बघितली, आणि ठरवलं की आपल्याकडेही ट्रॅक पाहिजे. बिल फ्रान्स म्हणजे पुढे नॅसकार ही स्टॉक कार रेस चालवणारी संस्था काढणारा माणूस, तेव्हा तो गावोगाव रेस भरवत फिरायचा. स्टेली आणि त्याच्या भागीदारांनी पैसे काढले, तेव्हाचे जवळपास दीड हजार डॉलर, जमीन घेतली आणि खोदकाम सुरू केलं. जमीन उताराची होती. ती सपाट करायची तर माती हलवायला पाहिजे आणि पैसे मधेच संपले. मग काय केलं, उतार तसाच ठेवला आणि त्यावरच ट्रॅक केला! म्हणजे स्टँडसमोरचा सरळ पट्टा उतरणीचा आणि मागचा पट्टा चढणीचा. १८ मे १९४७ ला पहिली रेस झाली, फॉन्टी फ्लॉक जिंकला. नॅसकार तेव्हा जन्मलीही नव्हती, ती त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलातल्या बैठकीत ठरली.

या उताराने काय फरक पडतो ते सांगतो, कारण गोल गोल फिरतात म्हणणाऱ्यांना (म्हणजे जुन्या मला) उत्तर इथेच आहे. ट्रॅकची लांबी ०.६२५ मैल, आपल्या हिशोबात अगदी एक किलोमीटर. वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने उचललेला असतो, त्याला बँकिंग म्हणतात, म्हणजे गाडी बाहेर फेकली न जाता रस्त्यात दाबली जाते. फ्लोरिडातल्या डेटोनाच्या मोठ्या ट्रॅकला हे बँकिंग ३१ अंश आहे, तिथे गॅस न सोडता वळता येतं. इथे ते १४ अंशांच्या आसपास, म्हणजे प्रत्येक वळणाला ब्रेक मारावाच लागतो. आता समोरच्या पट्ट्यावर गाडी उतारावरून येते, वेग जास्त, त्या वेगात पहिल्या वळणात शिरायचं, वजन सगळं पुढच्या टायरवर येतं आणि मागचा भाग हलका होऊन घसरायला बघतो. तिथून कसंबसं वळून बाहेर पडलात की समोर चढण, आता मागच्या टायरनी पकड धरून गाडी वर ढकलायची, आणि तोच टायर आधीच तापलेला. उतरताना गाडी चांगली वागावी असं सेटिंग केलं तर चढताना रडते, चढणीचं केलं तर उतरताना पाय कापतात. हे सगळं एकोणीस-वीस सेकंदांत एकदा, असं चारशे वेळा. ज्याने टायर जपला तो शेवटच्या पन्नास फेऱ्यांत पुढे जाणार आणि ज्याने सुरुवातीला जोर दाखवला तो मागे पडणार, आणि स्टँडमधल्या लोकांना हे डोळ्यांनी दिसतं कारण पूर्ण ट्रॅक एका नजरेत मावतो.

१९४९ मध्ये नॅसकारने खऱ्या शोरूमच्या गाड्यांची मालिका सुरू केली, तीच आजची कप सिरीज, नॅसकारची सगळ्यात वरची मालिका. पहिली रेस शार्लटला, १९ जूनला. पहिला आला ग्लेन डनवे, पण तपासणीत गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या सापडल्या, म्हणजे वर सांगितली तीच दारू वाहायची युक्ती! त्याला बाद केलं आणि कॅन्ससच्या जिम रोपरला विजेता ठरवलं. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला, म्हणजे नियम नॅसकारच ठरवणार हे पहिल्याच वर्षी पक्कं झालं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या वर्षी एकूण आठ रेस झाल्या आणि आठवी, शेवटची, १६ ऑक्टोबरला नॉर्थ विल्क्सबरोला. बॉब फ्लॉक जिंकला, फॉन्टीचा भाऊ. तेव्हा ट्रॅक मातीचा होता, डांबर पडलं १९५७ ला.

आणि ज्युनियर जॉन्सन. याच्याशिवाय ही गोष्ट होत नाही. जन्म १९३१, गाव याच काउंटीत, वडिलांचा भट्टीचा धंदा. तो स्वतः सांगायचा की अनवाणी पायाने खेचरामागे नांगर धरून चालला होता आणि भाऊ शेताच्या बांधावर येऊन म्हणाला की ट्रॅकवर रेस आहे, माझी गाडी तू चालव. नांगर सोडून गेला आणि दुसरा आला. कारण वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून रात्री माल घेऊन पळणाऱ्या पोराला ट्रॅक म्हणजे काही विशेष नव्हतं, इथे तर उलट समोरून कुणी येत नाही आणि मागे पोलीस नाहीत. रस्त्यावर तो कधीच सापडला नाही. १९५५ मध्ये नॅसकारच्या पाच रेस जिंकला आणि १९५६ मध्ये पकडला गेला तो वडिलांच्या भट्टीवर, पायी. अकरा महिने फेडरल तुरुंगात काढले, परत आला, १९६० चं डेटोना ५००, म्हणजे नॅसकारची सगळ्यात मानाची रेस, जिंकला, एकूण पन्नास रेस जिंकल्या, मग टीमचा मालक म्हणून सहा चॅम्पियनशिप. १९८६ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली आणि त्याचे नागरिकत्वाचे पूर्ण हक्क परत मिळाले. विल्क्सच्या लोकांना ट्रॅक आपला का वाटायचा ते यातून कळतं, तिथे जिंकणारा माणूस त्यांच्या शेजारच्या शेतातला होता.

बाकी मोठी नावंही भरपूर. रिचर्ड पेटी तिथे पंधरा वेळा जिंकला, तेवढं कुणीच नाही, त्याच्या खालोखाल डॅरेल वॉल्ट्रिप दहा वेळा. गावाची लोकसंख्या जेमतेम चार हजार. पण गाव लहान म्हणजे धंदा लहान असं नव्हतं. लोज हे घरबांधणीच्या सामानाचं दुकान, जिथे अमेरिकेत घर घेतलेला प्रत्येक मराठी माणूस दर शनिवारी जातो, ते १९२१ मध्ये याच नॉर्थ विल्क्सबरोत सुरू झालं. कोंबड्यांची हॉली फार्म्स कंपनीही तिथलीच, म्हणून शरद ऋतूतल्या रेसचं नाव हॉली फार्म्स ४०० होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

रेसट्रॅकच्या मालकाकडे दोन गोष्टी असतात. एक जमीन, डांबर, स्टँड वगैरे. दुसरी म्हणजे तारीख. नॅसकार दरवर्षी कॅलेंडर काढते, कुठली रेस कुठे कधी, आणि त्यात तुमच्या ट्रॅकचं नाव असेल तर तुमच्याकडे तारीख आहे. नॉर्थ विल्क्सबरोकडे वर्षाला दोन होत्या, एक वसंतात, एक शरदात. आपल्याकडच्या जत्रेचा विचार करा, जत्रेची तिथी देवाची असते, ती उचलून दुसऱ्या गावाला देता येत नाही. इथे देता येते. पूर्वी कॅलेंडरमध्ये जागाच जागा होती, १९७१ मध्ये ४८ रेस झाल्या, गल्लीबोळातल्या ट्रॅकवरसुद्धा. रॅलीच्या स्टेट फेअरच्या मैदानातही अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक होता, १९७० मध्ये मातीवरची शेवटची रेस तिथे झाली आणि मग पन्नासएक वर्षं कप सिरीज मातीवर गेलीच नाही. आपण आता तिथे तळलेले ओरिओ खात फिरतो. मग विन्स्टन सिगारेटवाल्यांचा पैसा आला, १९७२ ला ४८ च्या ३१ झाल्या, लहान ट्रॅक भराभर गळले. नॉर्थ विल्क्सबरो त्यात वाचला.

३१ च तारखा आणि मागणारे वाढत चाललेले. ऐंशी-नव्वदच्या दशकात टीव्हीवर सगळ्या रेस दिसायला लागल्या, देशभर वेड पसरलं, आणि मोठ्या शहरांजवळ लाख-दीड लाख खुर्च्यांचे ट्रॅक बांधायला लोक तयार झाले. ट्रॅक बांधता येतो, तारीख बांधता येत नाही. ती द्यायची की नाही हे नॅसकारच्या हातात, आणि नवीन तारीख मिळत नसेल तर एकच मार्ग, ज्याच्याकडे आहे त्याला विकत घ्यायचं. म्हणजे गंमत बघा, १९९५ मध्ये नॉर्थ विल्क्सबरोची जमीन कवडीमोल आणि तिच्यावरच्या दोन तारखा सोन्याच्या. स्टेलीने कधी ट्रॅक चकाचक केला नाही, तिकिटं गावातल्या माणसाला परवडतील अशी ठेवली, लक्झरी बॉक्स वगैरेच्या मागे लागला नाही. माणूस म्हणून मला हे फार मोठं वाटतं, पण धंद्याच्या हिशोबात त्याचा अर्थ असा झाला की त्याच्याकडे एका रेसला जेवढा गल्ला जमायचा त्याच्या कितीतरी पट टेक्सासमध्ये जमला असता. तारखा टिकल्या होत्या त्या स्टेली आणि नॅसकार चालवणाऱ्या बिल फ्रान्सच्या घराण्याच्या जुन्या संबंधांवर, आणि असे संबंध माणसाबरोबर जातात.

२२ मे १९९५ ला एनॉक स्टेली गेला. ट्रॅकची मालकी दोन घराण्यांत निम्मी-निम्मी होती, स्टेली आणि कोम्ब्स. महिनाभरात कोम्ब्सांनी आपला हिस्सा ब्रूटन स्मिथला विकला, हा माणूस टेक्सासमध्ये फोर्ट वर्थजवळ अवाढव्य ट्रॅक बांधत होता आणि त्याला तारीख पाहिजे होती. स्टेलींना स्मिथला विकायचं नव्हतं, त्यांनी १९९६ च्या सुरुवातीला आपला हिस्सा न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकचे मालक बॉब बेअर यांना विकला, त्यांना आपल्या ट्रॅकसाठी दुसरी तारीख पाहिजे होती. दोघांनी अर्धा-अर्धा ट्रॅक घेतला आणि एक-एक तारीख उचलली. यात कुणीही कायदा मोडला नाही. विकणाऱ्यांना मी दोषही देणार नाही, घरातला कर्ता माणूस गेल्यावर असा भाव कोण नाकारेल. पण गावाला कुणी विचारलं नाही, कारण तारीख गावाची होती असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

२९ सप्टेंबर १९९६ ला शेवटची रेस. जेफ गॉर्डन जिंकला, डेल अर्नहार्ट दुसरा. स्टँड भरलेलं. लोक रेस संपल्यावर लवकर उठले नाहीत म्हणतात, आणि मला ते पटतं. १९४९ पासूनच्या ९३ रेस तिथे संपल्या. पुढच्या वर्षी एक तारीख टेक्सासला, एक न्यू हॅम्पशायरला. दोन्ही मालकांना एकमेकांचं पटत नव्हतं आणि रिकाम्या ट्रॅकचं काय करायचं यावर एकमत होणं शक्य नव्हतं, म्हणून कुलूप.

मग नुसती पडझड. २००५ पासून गावातले लोक ट्रॅक वाचवा म्हणून धडपडत होते, २०१० मध्ये तीन वर्षांच्या भाड्यावर एकदा उघडलाही, लहान मालिकांच्या रेस झाल्या, चेस एलियट नावाचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा तिथे जिंकला, तो पुढे कप चॅम्पियन झाला. पण २०११ ला पैसे संपून परत बंद. आणि असं होणारा हा एकटाच ट्रॅक नाही. त्याच राज्यातल्या रॉकिंगहॅमची कप रेस २००४ ला गेली. शेजारच्या साउथ कॅरोलायनात डार्लिंग्टनकडे लेबर डेची, म्हणजे सप्टेंबरच्या सुट्टीची, परंपरेने चालत आलेली तारीख होती, ती काढून कॅलिफोर्नियाला दिली, तिथे ती रुजलीच नाही, मग अटलांटाला गेली आणि शेवटी २०१५ ला परत डार्लिंग्टनला आणावी लागली.

परत येण्याची सुरुवात कशी झाली तर कॉम्प्युटर गेममुळे! आयरेसिंग नावाचा एक सिम्युलेटर आहे, त्यात खरे ट्रॅक लेझरने मोजून जसेच्या तसे बनवतात, डांबरावरची प्रत्येक भेग, प्रत्येक खड्डा. डेल अर्नहार्ट ज्युनियर, म्हणजे त्या शेवटच्या रेसमध्ये दुसऱ्या आलेल्या अर्नहार्टचा मुलगा, त्याला वाटलं की हा ट्रॅक मातीत जायच्या आत निदान मोजून तरी ठेवू. पण लेझरला डांबर दिसायला पाहिजे आणि डांबरावर गवत. म्हणून डिसेंबर २०१९ मध्ये तो आणि बरेच स्वयंसेवक फावडी, ब्लोअर, गवत कापायची मशिनं घेऊन गेले आणि ट्रॅक झाडून काढला. कुणालाही तिथे रेस होईल अशी आशा नव्हती, फक्त आठवण जपून ठेवायची होती. त्याच महिन्यात, २० तारखेला, ज्युनियर जॉन्सन वारला.

तीन महिन्यांत कोविड आला, खऱ्या रेस बंद झाल्या, आणि नॅसकारचे ड्रायव्हर घरी बसून सिम्युलेटरवर रेस खेळायला लागले आणि त्या टीव्हीवर लाइव्ह दाखवल्या. मे २०२० मध्ये त्यातली एक रेस नॉर्थ विल्क्सबरोला झाली, म्हणजे त्या मोजलेल्या, कॉम्प्युटरमधल्या ट्रॅकवर. घरात अडकलेल्या लोकांनी चोवीस वर्षांनी तो उतार आणि ती चढण बघितली. त्यानंतर हवा बदलली. मधल्या काळात बेअरचा हिस्साही स्मिथच्या कंपनीकडे आला होता, म्हणजे मालक एकच झाला होता, आणि कारभार ब्रूटनचा मुलगा मार्कस बघत होता. २०२१ मध्ये राज्याने कोविड मदतीसाठी आलेल्या केंद्राच्या पैशांतून या ट्रॅकला एक कोटी ऐंशी लाख डॉलर दिले, पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज वगैरेंसाठी. खाजगी ट्रॅकला सरकारी पैसा द्यावा का हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्याने तारीख नेली त्याच कंपनीला, हे मला आजही थोडं टोचतं. पण गावाकडून बघितलं तर दुसरा कुठला रस्ता होता असंही वाटतं.

ऑगस्ट २०२२ ला परत इंजिनं सुरू झाली, डेल ज्युनियर स्वतः रेसमध्ये उतरला आणि तिसरा आला. २१ मे २०२३ ला नॅसकारची ऑल-स्टार रेस तिथे. ऑल-स्टार म्हणजे बक्षीस दहा लाख डॉलरचं पण चॅम्पियनशिपचे पॉइंट्स नसतात. डांबर १९८१ चं, खरखरीत, सँडपेपरने घासावं तसं टायर घासणारं. काइल लार्सन या ड्रायव्हरला सुरुवातीलाच पिट रोडवर, म्हणजे टायर बदलायला गाड्या थांबतात त्या रस्त्यावर, वेगाची मर्यादा ओलांडली म्हणून पेनल्टी मिळाली, पार मागे गेला, पण टायर नवे होते, आणि जुन्या डांबरावर नवा टायर म्हणजे काय ते त्याने दाखवलं, सगळ्यांना मागे टाकून २०० पैकी १४५ फेऱ्या पुढे राहून जिंकला. वर उताराचं आणि टायरचं एवढं लांबवून सांगितलं ते याच्यासाठी.

ते डांबर नंतर उखडायला लागलं म्हणून त्याच वर्षी नवीन घातलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये स्टँडखालची दुरुस्ती करताना कामगारांना सिमेंटच्या खाली एक मोठी पोकळी सापडली, ७०० चौरस फुटांच्या आसपासची, भुयारासारखी, आणि ट्रॅकवाल्यांचा अंदाज असा की तिथे कधीकाळी भट्टी असावी. भट्टीच होती असं सिद्ध झालेलं नाही. नवीन डांबर घालताना आता यंत्रं होती, पैसा होता, सगळं एका पातळीत आणता आलं असतं, पण उतार आणि चढ तसेच ठेवले, दीड हजार डॉलर संपल्यावर स्टेलीने सोडले होते तसे.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुढच्या वर्षाचं कॅलेंडर जाहीर झालं त्यात ऑल-स्टार रेस दुसरीकडे गेली आणि नॉर्थ विल्क्सबरोच्या नावापुढे १९ जुलै २०२६ लिहिलेलं होतं, पॉइंट्सची रेस, १९९६ नंतर पहिली.